मामांची दुसरी शेपटी

अख्ख्या निजामी मुलखात दर गोष्टीला दोन शेपट्या असतात असं मानणारा एकच माणूस होता, आणि देवानं तो नेमका माझा मामा करून पाठवला. मामा हैदराबादेला संख्याशास्त्र शिकून कापसाच्या सरकारी मळ्यावर लागले होते. आमच्याकडे जाफराबादला आले की परातीतल्या पिठात बोटानं टेकडी काढायचे, मधे उंच, दोन्हीकडे निमुळती. "नुसत्या योगायोगानं जे घडतं ते सगळं हिच्यात मावतं. नेहमीचं मधे, नवलाचं दोन्ही शेपट्यांत." आई म्हणायची, "दादा, भाकरी करायच्यात." मला गणितात फारच कमी मार्क पडले तेव्हा घरानं झोडलं, मामा तेवढे म्हणाले, "एवढेच जास्त पडले असते तरी मला तितकाच संशय आला असता." हे सांत्वन होतं की काय, ते मला पन्नाशीतही उमगलेलं नाही.

धाकटी काकू लग्न होऊन आली त्या साली विहीर आटली, म्हैस गेली, कापसाला बोंडअळी लागली, आणखीही दोन संकटं आली. आजोबांनी बोटं मोजली: सहा मोठ्या गोष्टी घडल्या, पाच वाईट. "पायगुण बराबर न्हाई. वडीगोद्रीला माहेरी पोचवा, कायमची." गाडी जुंपली. काकू गाठोडं घेऊन ओसरीत बसली, आणि तेवढ्यात मामा आले.

त्यांनी खिशातून सहा फोडलेले चिंचोके काढले. दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडाव्यात म्हणून ते घासून ठेवलेले असत. "अण्णा, पांढरं ते चांगलं, काळं ते वाईट. टाका."

आजोबा टाकत राहिले. थोड्या वेळात पाच काळे पडले.

"आता हा कुणाचा पायगुण?" मामा म्हणाले. "पाच किंवा सहा काळे, चौसष्ट डावांत सरासरी सात वेळा असेच पडतात. आता दुसरी शेपटी मोजू."

"ती कशाला? वाईटाचंच चाललंय ना!"

"पाच गोष्टी चांगल्या घडल्या असत्या तर काय म्हणला असता?"

"लक्ष्मी आली म्हणलो असतो. पेढे वाटले असते!"

"मंग तेही सात धरा. चौसष्टात चौदा झाले. म्हणजे शंभरात बावीसेक वेळा, कुणाचेही पाय न लागता हे असं घडतं. शंभरात पाच वेळांच्या आत असतं तर मी पण विचारात पडलो असतो. बाविसावर सून घालवता व्हय?"

आजोबांनी पुन्हा चिंचोके टाकले. पाच पांढरे! ते ओरडले, "गाडीचे बैल सोडा रे."

पुढल्या साली कापसानं घर भरलं. आजोबा "लक्ष्मी, लक्ष्मी!" करत पेढे घेऊन निघाले, तर मामांनी हात धरला. "अण्णा, दुसरी शेपटी!" काकूनं मात्र पेढा उचलला. "पिकाचा म्हणून खाते, पायाचा म्हणून न्हाई."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. परातीत आता टेकडी नसते, भाकरी वेळेवर होतात. पण नवी सून उंबऱ्याशी थबकली की थकलेली काकू आतून हाक देते, "ये गं, बिनघोर ये. या घरात पायाकडं कुणी बघत न्हाई."