राजाचे कपडे धुणारी म्हातारी

भावजींना वहिनी कळल्या होत्या असं म्हणणं धाडसाचं होईल. सख्ख्या थोरल्या भावाची बायको, एकाच गल्लीत उभा जन्म गेला, आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्या हातचा चहा व्हायचा. पण त्यांना पाऊस आवडायचा का, लहानपणी त्या कुठल्या शाळेत होत्या, एकट्या असल्या की गुणगुणायच्या का, यातलं काहीही भावजींना सांगता आलं नसतं. एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक होती. वहिनींचा एका माणसावर दात होता.

वहिनींचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. नवे कपडे त्या शिवत नसत. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर लावणं, असली कामं. त्यातलं निम्मं काम उसवण्याचं. ब्लेडचं अर्धं पातं चिमटीत धरून त्या टाके असे कापायच्या, की कापडाला पत्ता लागू नये. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, जरा घट्ट झालीय," की वहिनी म्हणायच्या, "पँट आहे तेवढीच आहे."

भावजींचे दादा टपालखात्यात पत्रं वेगळी करायच्या कामावर होते. अबोल माणूस. संध्याकाळी शिलाईयंत्राच्या झाकणावर कागद ठेवून लिहीत बसायचे. लिहिता लिहिता त्यांची एक कादंबरी झाली. एका ग्रहावर पाणी आहे, पण ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. माणसं कान लावून विहिरी शोधतात. असं काहीतरी. विज्ञानाच्या आणि अद्भुताच्या कादंबऱ्यांसाठी शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचा एक पुरस्कार होता, आणि त्या काळी तिथे हस्तलिखितंही घेत. दादांनी ती पाठवली.

पाठवण्याआधी वहिनींनी एक उद्योग केला. मधली दोन पानं कडेला डिंकाचा ठिपका लावून चिकटवली. वाचणाऱ्याला ती सोडवावीच लागणार. दादांना त्यांनी हे सांगितलं नाही.

काही महिन्यांनी बाड परत आलं. वर परीक्षक-अध्यक्षांचा शेरा होता: 'कल्पना बरी. उत्तरार्धात पकड सुटते.' दादा दोन दिवस उत्तरार्ध वाचत बसले, कुठे पकड सुटली ते शोधत. ते वहिनींना बघवेना. त्यांनी बाड ओढून घेतलं, मधली दोन पानं, अजून चिकटलेलीच, दाखवली आणि म्हणाल्या, "अहो, तो माणूस उत्तरार्धापर्यंत पोचलाच नाहीये."

त्यांना वाटलं होतं, नवरा चिडेल आणि पुन्हा लिहील. दादा नुसतं "अच्छा" म्हणाले. बाड माळ्यावर गेलं आणि पुढे पोस्टाच्या पावतीखेरीज दादांनी कशावर पेन टेकवलं नाही. अध्यक्षाने शेरा मारला, पण पानं आपण दाखवली, ही गोष्ट वहिनींना आतून खात असावी. तसं त्या कधी बोलल्या नाहीत. अध्यक्षाचं नाव मात्र त्यांनी डिंकोबा ठेवलं.

दादा वारल्यावर वर्षाच्या आत वहिनींनी ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं. भावजींना वाटलं, बरं झालं, जीव रमेल. वहिनींचा बेत निराळा होता. पुरस्काराच्या समितीत तिघं असत: अध्यक्ष म्हणून कायमचा डिंकोबा, एक प्राध्यापक आणि एक वाचक. वाचकाची जागा त्या सभासदाला मिळे, ज्याने वर्षभरात त्या कपाटातली सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचली असतील.

"म्हणजे तुम्ही हे सगळं वाचणार?" भावजींनी विचारलं. टेबलावर तलवारी आणि रॉकेटांची चित्रं असलेल्या कादंबऱ्यांचा ढीग होता.

"वाचणार. त्याच्याच टेबलाला जाऊन बसणार."

"आणि मग?"

"मग बघू. कात्री हातात आल्याशिवाय कापड कुठून कापायचं ते ठरवत नाहीत, भावजी."

पहिल्या पहिल्या पुस्तकांना त्यांनी नाकं मुरडली. पण हळूहळू गंमत अशी झाली, की त्यांना ती आवडायला लागली. पुरस्कार मिळालेली असोत नाहीतर पडलेली, प्रत्येकाला त्या आपल्या फूटपट्टीने मोजायच्या. "यात एवढा मोठा ड्रॅगन पाळलाय. त्याची घाण कोण काढतं ते कुठेय?" एका गाजलेल्या पुस्तकाला त्यांनी याच मुद्द्यावर नापास केलं. दुसऱ्या एकाबद्दल म्हणाल्या, "आठ वर्षं माणसं यानात राहतायत आणि एकाचंही बटण तुटत नाही. खोटं पुस्तक." चांगल्याला चांगलंही म्हणायच्या, पण ते म्हणताना जरा रागावल्यासारख्या दिसायच्या.

शेवटी ती जागा त्यांना मिळाली. त्या वर्षी अखेरच्या निवडीत दोन पुस्तकं उरली. एक होतं 'सात शिखरं', जाडजूड, राजे, लढाया, शाप. लेखक बडा माणूस, फोटोत हनुवटीखाली मूठ. दुसरं 'उसनी हवा', लिहिणारी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी बाई, पहिलंच पुस्तक. एका चंद्रावरची वसाहत. तिथे हवा परत परत शुद्ध करून वापरतात, आणि आई गेल्यावर मुलगी हवेच्या जाळीजवळ जाऊन बसते, कारण आईचा श्वास अजून त्या नळ्यांमधून फिरत असणार.

वहिनींनी ते पुस्तक भावजींच्या हातात दिलं आणि यंत्राच्या चाकाकडे बघत म्हणाल्या, "यात बटण तुटतं, भावजी. आणि ती ते शिवते. हातमोजे घालून."

"मग ठरलंच की."

"हो. ठरलंच," वहिनी म्हणाल्या.

बैठक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत झाली. काय घडलं ते वहिनींनी दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं, एका कोटाची बाही उसवता उसवता. प्राध्यापिकाबाई 'उसनी हवा'च्या बाजूने भरभरून बोलल्या. डिंकोबा डोळे मिटून ऐकत होता. समोर दोन्ही पुस्तकं अशी कोरी करकरीत, की कणा मोडलेला नाही. वहिनींचं डोकं तिथेच फिरलं. त्या एकदम म्हणाल्या, "मला बाई 'सात शिखरं'मधली ती राजाचे कपडे धुणारी म्हातारी विसरता येत नाही. शेवटच्या लढाईआधी ती त्याचा झगा धुते, आणि डागांवरून तिला कळतं, की यानेच आपल्या मुलाला मारलंय. तरी ती झगा धुते, वाळवते, घडी करून देते."

"आहे असं त्यात?" भावजींनी विचारलं.

"कुठलं. त्या अख्ख्या पुस्तकात कुणी रुमाल धूत नाही. मी तिथल्या तिथे रचलं."

"मग तो काय म्हणाला?"

वहिनींनी ब्लेड खाली ठेवलं. "डोळे उघडले. म्हणाला, 'वा, काकू. माझ्या मनातलं बोललात. ती म्हातारी म्हणजे कादंबरीचा कणा आहे.' आणि मग त्याच म्हातारीवर बोलतच सुटला. तिचे सुरकुतलेले हात काय, तिचं मौन काय. मी हाताबद्दल अक्षर बोलले नव्हते."

प्राध्यापिकाबाई गोंधळून पुस्तक चाळायला लागल्या होत्या. "मला हा प्रसंग आठवत कसा नाही," असं पुटपुटल्याही. डिंकोबा हसून म्हणाला, "एवढ्या मोठ्या ग्रंथात एखादं पान निसटतं, मॅडम." मग मत घेतलं. बाईंचं 'उसनी हवा'ला. डिंकोबाचं 'सात शिखरं'ला. उरलं वहिनींचं.

"आणि तुम्ही?" भावजींनी विचारलं.

"'सात शिखरं'."

"वहिनी, ते दुसरं पुस्तक…"

"चांगलं आहे. मला सांगू नका." त्यांचा आवाज चढला नाही, पण बाहीचा टाका हातानेच तुटला. "तिथे खोलीत बोलले असते तर काय झालं असतं? तिघांत दाबून टाकलं असतं. गैरसमज झाला, काकू, असं म्हणाला असता. मला तो भरल्या सभागृहात हवाय. माइकसमोर त्याने म्हातारीवर बोलावं, आणि मी उठून एवढंच विचारावं, की पान कितवं. तुमच्या दादांना दोन दिवस उत्तरार्ध वाचायला लावला त्याने. याला जन्मभर ती म्हातारी शोधू दे."

"आणि त्या बाईचं काय?"

"पुस्तक चांगलं असलं की पुढल्या वेळी मिळतं," वहिनी म्हणाल्या. हे अगदी कुठल्याही समितीवरच्या माणसासारखं वाक्य होतं. ते त्यांना ऐकू आलं की नाही, भावजींना कळलं नाही.

समारंभाला वहिनी राखाडी साडी नेसून आल्या. मांडीवर 'सात शिखरं', पुरावा म्हणून. भावजी चौथ्या रांगेत कडेला बसले. डिंकोबा म्हातारा झाला होता, पण आवाज अजून गुळगुळीत. म्हातारीवर तो अपेक्षेपेक्षा जास्त बोलला. तिच्या अंगणात आता एक दगडसुद्धा आला होता, ज्यावर ती झगा आपटायची. लोक माना डोलावत होते.

भाषण संपलं आणि वहिनी व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठल्या. हातात माइक नव्हता, पण सभागृह छोटं होतं.

"अध्यक्षमहाराज," त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीचं पान कितवं?"

डिंकोबाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे, ज्याला वाचून वाचून पोक आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त कसं उतरलं ते भावजींनी चौथ्या रांगेतून पाहिलं. तो पानं उलटायला लागला. सभागृहात शांतता पसरली. वहिनींच्या ओठांची कड जराशी हलली. इतकी वर्षं त्या याच शांततेसाठी ड्रॅगन वाचत आल्या होत्या.

आणि तेवढ्यात हार घातलेला बडा लेखक उठला आणि माइककडे गेला.

"पान मलाही सांगता येणार नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "तो प्रसंग लिहिताना डोळ्यांसमोर पान दिसतच नव्हतं. इतकंच सांगतो, ती म्हातारी माझी आजी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनी काहीतरी बोलत होत्या. "नाहीये, पुस्तकात नाहीये," असं असावं, कारण त्या पुस्तक हलवून दाखवत होत्या. सूत्रसंचालक मुलीला वाटलं काकू भारावल्या. तिने त्यांच्या खांद्याला धरून अलगद खाली बसवलं. डिंकोबाने रुमालाने कपाळ पुसलं आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

चहाच्या वेळी वहिनी भिंतीशी उभ्या होत्या. "त्याला कळलं, भावजी. पाहिलंत ना त्याचं तोंड? त्याला कळलं. तेवढं पुरे मला," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तेवढ्यात एक सडपातळ बाई त्यांच्यासमोर येऊन थांबली. 'उसनी हवा'वाली. कोपराशी पिशवी, बोटांवर औषधाचे पिवळे डाग.

"तुम्ही पान का विचारलंत?" ती म्हणाली. "मी ते पुस्तक दोनदा वाचलंय. माझ्याविरुद्ध कोण आहे ते बघायला. त्यात अशी म्हातारी नाही."

सगळ्या सभागृहात ते पुस्तक वाचलेली, वहिनी आणि त्या प्राध्यापिकाबाई सोडल्या, तर बहुधा ही एकटीच होती. वहिनींना टाळता आलं असतं. त्यांनी टाळलं नाही.

"नाहीये. मी रचली. तुमचं पुस्तक सरस होतं. माझ्या मताने पडलं."

"का?"

"मला त्या अध्यक्षावर उट्टं काढायचं होतं. जुनं."

बाईने कप खिडकीत ठेवला. "मग निघालं का?"

बाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा नीट पाहिलं, माप घेतल्यासारखं. त्या नजरेत काय होतं ते भावजींनी लगेच ओळखलं. माळ्यावर बाड ठेवून खाली उतरताना वहिनींच्या डोळ्यांत नेमकं तेच होतं. मग ती बाई निघून गेली.

त्यानंतर डिंकोबाचं नाव वहिनींच्या तोंडी आलं नाही. तो पुढेही अध्यक्ष राहिला. लोकांना वाटे, आता तो पुस्तकं खरंच वाचतो. वहिनींनी समिती सोडली. पण एक नवंच सुरू झालं. दुकानासमोर कुणी बाई थांबली की त्या यंत्र थांबवून बघायच्या.

"कोणाची वाट बघताय?" भावजींनी एकदा विचारलं.

"तिची. येईल ती."

"ती कशाला येतेय? विसरली असेल."

"असलं पुस्तक लिहिणारी बाई विसरत नाही. मी विसरले का?" वहिनींनी सुईत दोरा ओवला. "आज ना उद्या कुठल्यातरी टेबलाला ती माझ्यासमोर बसेल. आणि सोडू नये तिने. सोडलं तर माझ्या मनातून उतरेल."

ती आली नाही. तिचं दुसरं पुस्तक आलं, ते वहिनींनी विकत आणलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून वाचलं, आपण त्यात कुठे सापडतो का ते बघत. सापडल्या नाहीत. पुस्तक मिटताना त्या खट्टू झाल्या होत्या. तरी भावजींना म्हणाल्या, "चांगलंय. मेलीने चांगलं लिहिलंय."

वहिनी वारल्या त्याच आठवड्यात, त्याआधी दोन दिवस, भावजी जुना कोट घेऊन दुकानात गेले होते. खालचं बटण लोंबत होतं. वहिनींनी ते ओढून तोडलं आणि डब्यात बोट फिरवलं.

"काळा दोरा चालेल ना? तपकिरी संपलाय."

"चालेल की."

"मग शुक्रवारी या. सहाच्या आत. नंतर मी शटर ओढते."

"येतो," भावजी म्हणाले.