धाकटीचा ठोका

मी पिंपळगाव बसवंत सोडलं ते थेट मशीनरूममधून. बॅगा गाडीत, आई गाडीत, दादा हॉर्न वाजवून वाजवून वैतागलेला, आणि मी कोल्ड स्टोअरच्या मागच्या खोलीत आप्पांच्या पाया पडायला गेलेली. द्राक्षांचा सीझन ऐन भरात होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथले कॉम्प्रेसर ऑपरेटर. बागेतून माल आला की आधी थंड करायचा, मग कंटेनरमध्ये भरायचा. ते थंड करणारी दोन मोठी मशिनं आप्पांच्या ताब्यात होती. एक थोरली, एक धाकटी. नावं त्यांनीच ठेवलेली. आई चिडवायची, "ह्यांना तीन पोरी हायेत. दोघींजवळ दिवसभर बसत्यात आन् तिसरीला विचारीत नाय."

विमानतळावर यायचा प्रश्नच नव्हता. "सीझनात मशीन सोडून कसं येऊ?" असं त्यांनी आठवडाभर आधीच सांगून टाकलं होतं. मी पाया पडले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, त्यांनी खिशातला लांब स्क्रू-ड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. हे मला लहानपणापासून शिकवलेलं. टोक मशीनच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची. मग आतलं सगळं ऐकू येतं. "आधी श्वास सोड. मंग ऐक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छातीत हवा भरलेली असली की माणसाला स्वतःचंच ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं.

मी श्वास सोडला. धाकटी धडधडत होती. मला काय कळणार कपाळ! डोळ्यांत पाणी, नाकात अमोनियाचा वास.

"बरी हाय ना?" आप्पांनी विचारलं.

"बरी आहे, आप्पा."

मग त्यांनीही कान लावला. "बरी हाय. जा आता, दादा बोंबलतोय." आणि पाठ फिरवून स्वच्छच असलेलं मीटर फडक्याने पुसायला लागले. मी तेवढ्यात फोन धाकटीच्या अंगावर टेकवला आणि दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. का केलं ते विचारू नका. आईने डिंकाचे लाडू दिले होते, आप्पांकडूनही काहीतरी बरोबर हवं होतं.

रॉटरडॅमला माझी नोकरी फळांच्या गोदामात. भारतातून आलेले द्राक्षांचे कंटेनर उघडायचे, घड उचलून देठ बघायचा, गोडी मोजायची. पहिला कंटेनर उघडला आणि खोक्यांवर आमच्याच पॅकहाउसचा नंबर! आतून आलेली थंडीसुद्धा ओळखीची. थर्मामीटर हातात धरून मी ढसाढसा रडले. शेजारचा डच पोरगा समजला की माल सडला.

तुमच्यापैकी जे असे लांब गेलेत त्यांना सांगायला नको, पहिलं वर्ष कसं जातं. काम, खोली, आईचा फोन, परत काम. एका रविवारी दुपारी गोदामातली एक मैत्रीण मला बंदराजवळच्या तळघरात घेऊन गेली. नाचायचं म्हणाली. मी म्हटलं, बघू, अर्धा तास. पायऱ्या उतरले आणि आवाज कानांत नाही, आधी तळपायांतून आला. अगं बाई! मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. डीप हाउस म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. खाली एकसारखा, जाड, सावकाश ठोका. त्यावर उबदार सूर हळूहळू पसरत जाणारे. आणि मग मध्येच 'ॲसिड' म्हणतात ती सुरांची वळवळणारी रेघ सुरू झाली. एका छोट्या मशीनचं एक बटण पिळत पिळत काढतात ती. थेट कोल्ड स्टोअरच्या दाराचं रबर सुटताना होतो तसा आवाज! आजूबाजूचे शे-दोनशे लोक डोळे मिटून हलत होते, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझ्या नकळत मी श्वास सोडला. आणि ऐकलं. परक्या देशात, जमिनीखाली, मला मशीनरूम सापडली होती. अंगावर काटा आला, तो आत्ता लिहितानाही येतो.

तेव्हापासून माझा शुक्रवार ठरला. गोदामाजवळच्या गल्लीत योस्ट नावाच्या एका म्हाताऱ्याचं रेकॉर्डचं दुकान आहे. शुक्रवारी नवीन माल येतो. पांढरं पाकीट, त्यावर फक्त एक शिक्का आणि नंबर. कोणी वाजवलंय, कुठून आलंय, काही पत्ता नाही. कुठल्या तरी गावात कोणीतरी स्वयंपाकघरात बसून केलेलं असतं, थोड्याच प्रती काढतात, संपल्या की संपल्या. मी हेडफोन लावून एकेक ऐकत बसते. काही अगदीच टुकार असतात, खोटं कशाला बोलू. पण पाच-सहा रद्दी निघाल्यावर एखादी अशी लागते की हातातली कॉफी थंड होऊन जाते. नावसुद्धा न लावता एवढं सुंदर काही जगात सोडून देणारी माणसं आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

मग मीही असलं संगीत करायची जुनी मशिनं घेतली आणि शिकले. गोदामात आठवड्याला तीनच दिवस जायला लागले. इथेच बिघडलं. आप्पांना मोठ्या उत्साहाने माझा पहिला तुकडा पाठवला, तर फोनवर म्हणाले, "माझे कान गेले आता. आईला ऐकव." दुसरा पाठवला, तेच. तिसऱ्याला तर "घे, तुझ्या पोरीचा फोन" म्हणून फोन सरळ आईकडे. कान गेले म्हणे! ज्या माणसाला दोन खोल्यांपलीकडून नळाचं वायसर गळतंय हे कळायचं! मला राग आला, आणि खरं सांगते, फार लागलं. लग्नकार्यात कोणी विचारलं तर ते अजून "द्राक्षं तपासती ती" एवढंच सांगतात, असं दादाकडून कळलं. त्यांनी एकदा, फक्त एकदा, मी केलेलं नीट ऐकावं, यापलीकडे मला काही नको होतं.

धाकटीचं ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मी याच काळात उघडलं. त्याचा वेग खूप हळू केला, तेव्हा खाली असा काही बेस उभा राहिला की मी तो परत परत लावला. आणि त्यात एक गंमत होती. दर काही ठोक्यांनंतर एक बारीक 'टक्' यायचं, जरासं उशिरा. साफ करता आलं असतं. पण त्या उशिराच्या ठोक्यामुळेच सगळ्याला झोका मिळत होता, म्हणून मी अख्खा तुकडा त्याच्याभोवती बांधला. रेकॉर्ड काढणाऱ्या एका छोट्या कंपनीला, म्हणजे लेबलला, तो आवडला. योस्टने ऐकला आणि विचारलं, हा ठोका कुठल्या मशीनमधून काढलास? मी म्हटलं, बापाच्या.

छापायच्या आधी नमुन्याची एक रेकॉर्ड हातात देतात. ती घेऊन मी नाशिकला आले. आप्पा निवृत्त झाल्यापासून दोघं दादाकडे इंदिरानगरला असतात. बॅगेतून रेकॉर्ड वाजवायचं छोटं मशीन निघालं तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "लोकं परदेशातून चॉकलेटं आणत्यात, हिने तवा आणला! आन् ह्याच्यावर नाव पण नाय तुझं? मंग लोकांना कळणार कसं कोणाचं हाय ते?"

दुपारचा चहा झाला होता. आप्पा गॅलरीत पेपर वाचत होते. मी काही न सांगता रेकॉर्ड दादाच्या मोठ्या स्पीकरला जोडून लावली. अर्ध्या मिनिटात पेपर खाली झाला. आप्पा आत आले, स्पीकरसमोर उभे राहिले, आत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो स्क्रू-ड्रायव्हर होता. टोक स्पीकरच्या लाकडाला, मूठ कानामागे. डोळे मिटले. श्वास सोडला.

दादाने पंखा बंद केला. आईनेसुद्धा कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला. सात मिनिटं तो माणूस हलला नाही.

सुई उचलली गेली तेव्हा म्हणाले, "ही आपली धाकटी हाय. हळू कोणी केली?"

नाव नाही, गाव नाही, एवढं हळू केलेलं, वर मी दहा सूर चढवलेले, आणि या माणसाने तिला ओळखलं!

"व्हॉल्व्हप्लेट वाजतीये तिची," आप्पा म्हणाले. "ती टक् टक् येती ती. कधी भरलं हे?"

"मी निघाले त्या दिवशी. तुम्ही मीटर पुसत होता तेव्हा."

ते खुर्चीत बसले. बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हरची मूठ अंगठ्याने घासत राहिले. मग जे सांगितलं ते मला, आईला, दादाला, कोणालाच माहीत नव्हतं. मी गेले त्याच्या चौथ्या दिवशी धाकटीची ती व्हॉल्व्हप्लेट, आतल्या झडपेची चकती, तुटली. एका कंटेनरचा अख्खा माल गरम झाला. मालक सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, आप्पा, कान गेले का तुमचे? आप्पांना ते खरंच वाटलं. इतक्या वर्षांत असा आवाज त्यांच्या कानातून कधी सुटला नव्हता. सीझन संपला आणि त्यांनी काम सोडलं. पुढे मालकाने नवीन मशिनं बसवली, थोरली-धाकटी दोन्ही भंगारात गेल्या.

म्हणजे "माझे कान गेले" ही थाप नव्हती. माझा बाप ते मनापासून सांगत होता, आणि मी इतकी वर्षं फुगून बसले होते.

"पण आत्ता तर ऐकलं की तुम्ही," मी म्हटलं. "पहिल्या झटक्यात."

"ऐकलं ना," ते म्हणाले. "कान बरे हायेत म्हंजे. त्या दिवशी माझं ध्यान मशीनकडं नव्हतंच, पोरी. तू चालली होती."

आईने पदर डोळ्यांना लावला. दादा उगाच वायर गुंडाळायला लागला. मी आप्पांच्या पायाशी बसले आणि गुडघ्यावर डोकं ठेवलं, ते राहिलंच होतं त्या दिवशीचं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आप्पा, तो ठोका काढून टाकू का? अजून छापायचंय."

"काढती कशाला? राहू दे." मग आईकडे बघून म्हणाले, "नावाचं काय घेऊन बसली तू? मी वळखली ना."

रेकॉर्ड आली, शिक्का आणि नंबर लावून. योस्टच्या दुकानात ती शुक्रवारच्या खोक्यात ठेवली होती. एक मुलगी हेडफोन लावून ऐकत होती, आणि उशिराच्या त्या ठोक्यावर तिची मान बरोबर हलली. मी लांबूनच बघितलं. तिला काय सांगणार होते?

आता दर शुक्रवारी आप्पांचा फोन येतो. आईकडे देत नाहीत. आल्या आल्या विचारतात, "काय नवीन आलंय?" मी दुकानातून आणलेली एखादी रेकॉर्ड लावते. तिकडे दादाच्या स्पीकरला स्क्रू-ड्रायव्हर टेकलेला असतो. मग निकाल येतो: "ही लय भारी हाय," नाहीतर "ह्याला ऑइल कमी पडलंय." परवा एका रेकॉर्डला तर "ह्या पोराला जेवायला घाला कोणीतरी" म्हणाले.

लोक विचारतात, आता घर कोणतं गं तुझं? पिंपळगावात आमचं कोणी उरलं नाही, इंदिरानगरला मी पाहुणी, आणि रॉटरडॅमच्या खोलीचं भाडं भरते. पण शुक्रवारी सुई टेकवायच्या आधी आप्पा म्हणतात, "थांब. आधी श्वास सोड." मी इथे सोडते, ते तिथे सोडतात. क्षणभर फोनवर काहीच ऐकू येत नाही. मी तेव्हा घरी असते.