लाईन आली का, काका?

मले हे आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. जेवणाची सुटी चालू आहे, डबा अर्धा तसाच पडला आहे, ऑफिसातला टाईपरायटर रिकामा सापडला अन् बोटं काही थांबून नाही राहिली. चुका झाल्या तं सांभाळून घ्या. झालं काय, आज सकाळी कॅन्टीनचा पंखा बंद पडला, अन् कोणीतरी ओरडलं, "लाईन आली का गा?" मले इतकं हसू फुटलं की चहा नाकात गेला. तेव्हापासून सगळे विचारून राहिले, काहून हसली, काहून हसली. तर ऐका.

मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. डिप्लोमा करून मी नुकतीच या कारखान्यात लागली होती. इथं भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवतात. ऑफिसच्या बाहेर, मशीनवर काम करणारी मी एकटीच पोरगी. भट्टीतल्या गरमीचे आकडे तांब्याच्या तारेतून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येत. पण भट्टी पेटली की पडद्यावर नुसता गोंधळ! आकड्यांच्या जागी टिंबं, फुल्या, काय वाट्टेल ते. बाजूले एवढा मोठा करंट उसळला की तांब्याची तार त्याची गडबड पकडते. काच नाही पकडत. काचेतून उजेड जातो, अन् उजेडाले त्या करंटचं काही घेणंदेणं नाही. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकून आली होती, अन् आल्या दिवसापासून मोठ्या साहेबांच्या मागं लागली होती. साहेब, काचेची केबल टाकू. साहेब, टाकू ना!

शेवटी साहेबांनी मागवली. केबल गुंडाळलेले दोन ड्रम आले, एक पिवळा, एक नारंगी. साहेबांनी पिवळ्यावर हात ठेवला. "ही एका गावाहून दुसऱ्या गावाले जाते म्हणे. मग चांगली हीच."

"नाही साहेब, आपल्याले नारंगी."

"काहून?"

मी सुरूच झाली. पिवळीच्या आतली काच इतकी बारीक की उजेड एकाच सरळ वाटेनं जातो. म्हणून तो दूरवर नीट पोचतो, पार रामटेकपर्यंत नेला तरी. पण तिच्यात उजेड घालायले लेझर लागते, अन् आकड्यांचा उजेड करणाऱ्या आपल्या मशीनमध्ये आहे साधा बारका दिवा. बाटलीच्या तोंडात बादली ओतल्यासारखं होईल, सारं बाहेरच! नारंगीचं तोंड मोठं. उजेड तिरपा शिरो, आडवा शिरो, आपटत-धोपटत पोचतो. लांब नेली तं मागंपुढं होऊन गिचमिड होते, पण आपल्याले ऑफिसातून भट्टीपर्यंतच न्यायची आहे. जमिनीत गाडायची असती तं लोखंडी पत्र्याचं कवच असलेली काळी लागली असती, घुशी कुरतडतात म्हणून. पण आपण पाईपातून नेऊ.

साहेब हसले. "संत्र्याच्या गावची पोट्टी, रंगही तोच निवडला!" मग हसू गेलं. "टाक. पण संध्याकाळी भट्टी पेटल्यावर आकडे नीट नाही दिसले, तं तांब्याचीच तार राहील. अन् तू ऑफिसात बसून आवक-जावक पाहशील."

आवक-जावक! म्हणजे आयुष्यभर पाकिटं फोडणं.

केबल टाकून झाली. आता भट्टीकडच्या टोकाले मशीन जोडायच्या आधी उजेड आरपार जातो का, ते पाहायचं होतं. पद्धत सोपी. एका टोकाशी बॅटरी धरायची, दुसऱ्या टोकाले ठिपका दिसतो का पाहायचं. भट्टीकडच्या टोकापाशी फोरमनकाका फोन घेऊन उभे राहिले. ऑफिसातल्या टोकापाशी मी, अन् बॅटरी धरायले खुद्द साहेब! तेवढ्यात साऱ्या एरियाचाच करंट गेला. मी म्हटलं बरंच झालं, अंधारात ठिपका अजून चांगला दिसेल.

फोनवर विचारलं, "काका, लाईन आली का?"

"नाही आली वं."

काचेचं टोक वाकडं तुटलं असेल. परत कापलं, घासलं, साहेबांनी बॅटरी धरली. "आता?"

"नाही ना."

परत कापलं. "आता तरी लाईन आली का, काका?"

"अवं बाप्पा, नाही आली म्हणतो ना! घामाच्या धारा लागल्या माह्या!"

साहेब हळूच म्हणाले, "मी तं पिवळी म्हणून राहिलो होतो." खरं सांगते, मले रडू यायले लागलं. पाकिटं दिसायले लागली, लाल शाईचा शिक्का दिसायले लागला. वाटलं, चुकलीच का मी? कापून कापून केबल इतकी आखूड झाली होती की अजून एकदा कापली असती तं ऑफिसातल्या मशीनपर्यंत पोचलीच नसती. मी काच कापायचं हत्यार खाली ठेवलं, साहेबांना म्हटलं, "बॅटरी हलवू नका," अन् भट्टीच्या शेडकडे धूम ठोकली.

अंधारात काका टोपीनं वारा घेत बसलेले. त्यांच्या दुसऱ्या हातात नारंगी केबल, अन् तिच्या टोकाले, अहाहा, काजव्यासारखा ठिपका!

"काका! हा उजेड कधीपासून आहे?"

"हा ठिपका? हा तं पहिल्यापासून हाय."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू कुठं ठिपका विचारला? तू लाईन विचारून राहिली होती. लाईन कुठं आली? पंखा पाह्य ना, बंदच हाय!"

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे वीज गेली की म्हणतात लाईन गेली, वीज आली की लाईन आली. जन्मापासून मी स्वतः हेच म्हणून राहिली! ट्रेनिंगमध्ये केबलले लाईन म्हणायले शिकून आली, अन् आपली घरची लाईनच विसरली. मी तिथंच खाली बसून हसली. काकाही हसले, पण त्यांना काहून ते मागाहून समजलं.

मग खरी लाईन आली. मशीन जोडलं. संध्याकाळी भट्टी पेटली, अशी गरजली की ऑफिसच्या खिडक्या थरथरल्या. मी अन् साहेब पडद्यासमोर. आकडा आला. दुसरा आला. भट्टी गरजूनच राहिली अन् आकडे कसे, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे सरळ! एक टिंब नाही, एक फुली नाही! मी "आलीऽऽ!" अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतले टायपिस्ट उठून आले.

फोन वाजला. काका. "पोरी, आता कोणची लाईन आली, ते नीट सांग."

"दोन्ही आल्या, काका, दोन्ही!"

साहेब म्हणाले, "भंगार तोलायच्या वजनकाट्यापर्यंतही टाकू. कोणत्या रंगाची, ते तूच सांग."

आवक-जावक अजूनही दुसरंच कोणी पाहते, अन् मी मशीनवर आहे. भोंगा वाजला, पळते. पण सांगा ना, तुमच्यासोबत असं झालं का कधी? तुम्ही विचारलं एक, समोरच्यानं ऐकलं दुसरं, अन् जे पाहिजे होतं ते तिथंच, त्याच्या हातात चमकून राहिलं होतं?