मालनचे कुळीथ, दगडूचा फोन

मे महिन्यात मालन घाडी गावाहून शहरातल्या भोईवाड्यात उतरते ती कुळीथ आणि आमसुलांची बोचकी घेऊनच. धाकटा दीर दगडू तिथल्या चाळीत राहतो. नवरा गेल्यापासून तिचा माल चाळीत खपवायचा तो, पैसे गोळा करायचा तो आणि गणपतीला गावी गेला की हिशेब चुकता करायचाही तोच. एका पैची खोट नाही. माणूस सोन्यासारखा, फक्त तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला.

पण गणपतीत हाती आलेले पैसे पेरणीला काय कामाचे? गावात टिलरवाला नांगरणीला येतो तो फोनवर आगाऊ पैसे पाठवणाऱ्याकडे आधी. मालनचा अर्धा एकर दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी, म्हणून लावणी उशिरा आणि भात कमी. यंदा तिने हिय्या केला. दगडूच्या मुलीकडून, अक्षदाकडून, स्वतःचं खातं फोनला जोडून घेतलं आणि क्यूआर कोडचा कागद बोचक्यांपाशी लावला. दिराला सांगायचं तेवढं राहून गेलं. खरं तर धीरच झाला नाही.

संध्याकाळपर्यंत बोचकी रिकामी झाली, तरी तिचा फोन गप्पच. दगडू खुशीत घरात आला.

"वयनी, अक्षदान चुकून तुझो कोड लावल्यान. मिया सगळ्यांका सांगितलंय, पैशे माझ्याच फोनर धाडा."

मालनला 'बरं' म्हणून गप्प बसणं सोपं होतं. इतकी वर्षं ती तेच करत आली होती.

"चुकून नाय, भावजी. मियाच लावूक सांगितलंय."

दगडूचा चेहरा उतरला. "मिया कधी पैशे देवक नाय म्हटलंय?"

"कधीच नाय. पण माझेच पैशे माका दरवेळी मागूचे लागले."

त्याला लागलं ते दिसत होतं, आणि तिलाही त्याच्याकडे बघवेना. मग त्याने चष्मा लावला आणि आलेली एकेक रक्कम तिच्या खात्यात पाठवली. त्यावर आणखी एक पाठवली.

"ही कोणाची?"

"माझ्या घरातल्या आमसुलांची."

घरच्या माणसाकडून पैसे घ्यायचे म्हणजे मालनला मेल्याहून मेल्यासारखं. ती रक्कम परत पाठवायला निघाली.

"रवांदे," दगडू म्हणाला. "इतकी वर्सां फुकट खाल्लंय. ती पण तुझ्याच कष्टाची होती."

मालनने तिथेच बसून टिलरवाल्याला आगाऊ पैसे पाठवले. जन्मात पहिल्यांदा, कुणालाही न विचारता.