‘समागम बंद’ म्हणजे नेमकं काय?

गुजरातेत, लिंबायतच्या आमच्या दवाखान्यातले किस्से मी सांगायला बसले की नवरा म्हणतो, “हळू बोल, पोरं मोठी झालीत!” पण करू काय? पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरी सोडताना ‘ते’ कधीपासून चालेल, हे समजावायचं काम माझ्याकडे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं तर तेव्हा लग्नही झालं नव्हतं!

डॉक्टरबेन गुजराती, पेशंट खानदेशी, मधे मी धुळ्याची. बेन म्हणायच्या, “बे महिना समागम बंध.” मी तेच पुढे ढकलायचे.

एक मावशी तपासणीला आल्या, तोंड एवढंसं करून. “सिस्टर, समागम बंद केला हो. भजनी मंडळाकडे फिरकलेसुद्धा नाही!”

“आणि घरी?”

“घरी काय, घरी सगळं चालू!”

आतला एक टाका उसवला होता. थोडक्यात निभावलं, नाहीतर माझ्या एका शब्दापायी बाई जिवाला मुकली असती!

मग मी शब्द बदलला. “संबंध ठेवू नका.” लूमवर काम करणाऱ्या एका काकांनी दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीशी संबंध तोडले! लेकीच्या सेवेला आलेल्या सासूबाईंना थेट जळगावच्या गाडीत बसवून आले. वर मलाच म्हणतात, “तुम्हीच तं सांगितलं ना!” आता बोला.

पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला असलेले एक भाऊ तर वादच घालायला लागले. “वरचे टाके सुकले, मग अडचण काय?” मी बेनना हाक मारली. बेननीच विचारलं, “कपड़ा ऊपर से सूखा, अंदर से गीला. लपेटोगे?”

“छे, डाग पडतील!”

“बस, वही!” भाऊंना पटलं.

पण सुमनताईंचं उलटंच झालं. दोन महिने उलटले, बेननी तपासून सांगितलं, “सब ठीक. धीरे-धीरे. दर्द हो तो रुक जाना.” तरी काही दिवसांनी बाई रडत हजर. “हे अजून खालीच अंथरूण टाकतात, सिस्टर. पिशवी गेली म्हणून मी बाईच राहिले नाही का? दुसरी करतील हो!” मी त्यांना बेनकडे नेलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नव्हतं.

बेननी सोबत आलेल्या त्यांच्या नवऱ्याला एकट्यालाच आत बोलावलं. भिकनभाऊ घामाघूम. “बेन, मला भ्याव वाटतं. तिला दुखलं तं? तुम्ही हो म्हणा, मंग.”

“मैंने तो कब का बोल दिया! अब उससे पूछो.”

म्हणजे घरी जाऊन, हो! पण भिकनभाऊ तडक उठले आणि दार उघडून, बायकांनी भरलेल्या बाकासमोर उभं राहून मोठ्याने म्हणाले, “सुमन, बेन म्हनी राहिनी, तुले इचार. हा का नही?”

सगळ्या बाकाच्या माना वळल्या. सुमनताईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि पिशवी उचलली ती भाजीची.

“घर तं चाला पहिले!”