पालीचं म्हणणं

फासा टाकण्याआधी भाई तो कानाशी नेऊन हलवायचे. आत कुणी बसलंय का, ते ऐकत असल्यासारखे. मग हात तसाच ठेवून आम्हाला विचारायचे, "बोला, काय दिसतं?"

भाई म्हणजे आमच्या शेठचे भाचे, भिवंडीतल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातले. नोकरी बोटीवर. सुट्टीला आले की शुक्रवारी, लूम बंद असताना, आमच्या कापड विणायच्या कारखान्यात येऊन बसायचे. कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक खोका आणला होता: वीस बाजूंचे फासे आणि इंग्रजी पुस्तक. भाई वाचून सांगत आणि आम्ही सोंगं घेऊन खेळत असू. गुहा, राक्षस, खजिना, सगळं तोंडीच.

मी भंडाऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली आणि इतक्या लांब आलो की आजारी पडायचीही भीती वाटे. खेळात मी जादूगार झालो. जादूगाराला एक जनावर पाळता येतं. मी पाल घेतली. खोलीच्या भिंतीवर तीच ओळखीची होती.

माझ्या खोलीत राहणारा कारागीर आझमगडचा, खेळात तलवारवाला. तो म्हणाला, "छिपकली से क्या उखाड़ेगा? दुसरी तलवार ले ले."

भाई म्हणाले, "तलवार दार तोडते रे. दाराच्या मागे कोण बसलंय, ते तलवारीला कुठे कळतं?"

पाल फटीतून जायची, छताला चिकटून ऐकायची. मात्र ती मेली तर जादूगाराचं अर्धं बळ जातं, म्हणून मी तिला सोडायलाच घाबरायचो. "भंडारा, तू घाबर," भाई म्हणायचे, "तिला कशाला घाबरवतोस? जाऊ दे तिला." आणि खरंच, पालीच्या नावाने मी घडाघडा बोलायचो. एरवी माझ्या तोंडून शब्द निघत नसे. तुमच्या ओळखीतही असेल असा एखादा.

त्या दिवसांत सात नंबरचा लूम धोटा फेकत होता. आडवा धागा नेणारा, लोखंडी टोकाचा तो लाकडी धोटा लुमातून सुटला की गोळीसारखा येतो. माझ्या आधी त्या लुमावर असलेल्याचा डोळा गेला होता. दोनदा तो माझ्या कानाजवळून गेला. शेठला सांगितलं तर म्हणतील, भीती वाटते तर जा गावी. म्हणून गप्प होतो.

एका शुक्रवारी भाईंनी विचारलं, "बोल, पालीला काय दिसतं?"

"सात नंबरचा धोटा उडतो," मी म्हणालो. गुहेचं सांगायचं होतं, तोंडातून हे निघालं.

भाईंनी फासा खिशात टाकला. "चल मामूंकडे."

"भाई, तुम्हीच सांगा ना."

"मी कशाला? मी पाहिलंय का?"

शेठ चहा पीत होते. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "शेठ, पाल म्हणते, सात नंबरचा धोटा उडतो."

"कोण म्हणते?"

"याची पाल," भाई शांतपणे म्हणाले. "खोटं नाही बोलत, मामू."

शेठनी भाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बशी खाली ठेवली. "तिला विचार, अजून कुठला लूम बिघडलाय?"

"अकरा नंबर," मी म्हणालो. "पण तो मी पाहिलाय, शेठ."

"मग आधी का नाही बोललास, येड्या?" एवढंच म्हणाले आणि मिस्त्रीला बोलावणं धाडलं. गावाचं नावही निघालं नाही. पायऱ्या उतरताना मला हसू येत होतं.

पुढच्या आठवड्यात भाई बोटीवर गेले. नंतर तिकडेच कुठेतरी स्थायिक झाले म्हणतात. माझी-त्यांची गाठ पुन्हा पडली नाही.

मला ते आठवतात ते त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळचे. मिस्त्रीने सात नंबर दुरुस्त करून चालू केला. माझे पाय पुढे जाईनात. भाईंनी कागदाच्या पुडीतले शेंगदाणे तोंडात टाकले आणि धोटा सुटून येईल नेमके त्याच जागी, लुमाकडे तोंड करून उभे राहिले. खडखडाटात बोलणं शक्य नव्हतं. धोट्यातली सुताची कांडी संपून लूम थांबेपर्यंत ते तिथेच शेंगदाणे खात होते. मग बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली.