कोपरा नसलेला वॉर्ड

ऑफिसात त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. चौकट एवढीशी जरी तिरकी निघाली तरी गड्याला जेवण गोड लागायचं नाही. नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून मनोरुग्णालयातल्या बायकांच्या नव्या वॉर्डाचं काम साहेबांनी डोळे झाकून त्याच्या हवाली केलं.

एक गोष्ट मात्र साहेबांना ठाऊक नव्हती. तिथल्या जुन्या वॉर्डात याची सख्खी थोरली बहीण अकरा वर्षं होती. घरी कोण कोण, असं कुणी विचारलं की हा "मी एकटाच" म्हणून ठोकून द्यायचा. महिन्यातून एकदा चोरासारखा भेटायला जायचा, आणि ताई दरवेळी एकाच जागी सापडायची. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतींना पाठ चिकटवून, गुडघे पोटाशी घेऊन. काही केल्या तो कोपरा याच्या डोळ्यांसमोरून हलायचा नाही.

मग काय! पठ्ठ्यानं नव्या वॉर्डात कोपराच ठेवला नाही. भिंती गोल वळवल्या, छतातून उजेड घेतला, मधे झाडांसाठी अंगण मोकळं सोडलं, पलंगसुद्धा भिंतीच्या वळणावर बसतील असे करून घेतले. लपायला जागाच नसली की माणूस आपोआप चार माणसांत येऊन बसेल, असं त्याचं म्हणणं. साहेब खूश, डॉक्टर खूश. ताईला काय हवंय हे विचारायचं मात्र याच्या ध्यानीमनीही आलं नाही. अहो, साध्या कपाटाचा नकाशा काढायचा तरी दहा वेळा माणसाला विचारणारा हा!

जुन्या वॉर्डातल्या बायकांना नव्यात हलवून तीन आठवडे झाले नाहीत तोच नव्यानं आलेल्या हेडनर्सचा फोन. "बायका दिवसभर न्हाणीघरात जाऊन बसतात. बाहेर यायचं नाव काढत नाहीत. येऊन बघा तुमचं तुम्हीच."

साहेब त्याला घेऊन निघाले. गाडीत याचा जीव टांगणीला. ताई समोर आली तर? साहेबांदेखत हाक मारली तर?

न्हाणीघर तेवढं चौकोनी होतं. सरळ भिंतीवर नळ बसवायला सोपं जातं म्हणून. हेडनर्सनं आत वर्दी दिली आणि दोघांना नेलं. ओल्या फरशीवर, कोपऱ्यात, ताईच बसली होती. कुडकुडत होती. आणखी दोघी आपली पाळी यायची वाट बघत उभ्या. कोपऱ्यासाठी रांग!

"इथे गारठ्यात का बसता हो?" साहेबांनी विचारलं.

"इथे कुणी बाजूनं येत नाही," ताई म्हणाली. "बाहेर भिंतीला टेकलं तरी दोन्हीकडून उघडंच. भीती वाटते."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. तेवढ्यात ताईचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि तिचा चेहरा फुलला. "आलास? किती वाळलायस रे!"

साहेब वळले. "या ओळखतात तुला?"

"छे हो, या सगळ्यांनाच असं बोलतात." हा बोलून गेला आणि जीभ झडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

ताईनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "हो ना, मी सगळ्यांनाच म्हणते. हे कोण, मला नाही माहीत."

साहेब हसले. "चल, बसायचे आडोसे वॉर्डातच काढून देऊ. बसल्या जागी यांचं माप घे."

त्यानं टेप काढली. खांद्यापासून खांद्यापर्यंत, पाठीपासून गुडघ्यापर्यंत. ताई अंग चोरून, श्वास रोखून बसली. त्याचं माप चुकू नये म्हणून. टेपवरचे आकडे त्याला दिसेनात.

"साहेब," त्यानं टेप खाली ठेवली, "ही माझी सख्खी बहीण आहे."

साहेब काही बोलायच्या आत ताईच घाबरून उठली आणि तिनं साहेबांपुढे हात जोडले. "नाही हो, त्याचं ऐकू नका! त्याला कामावरून काढू नका!"

तिला इथे पोचवायला आला, त्या दिवशी यानंच तिला बजावलं होतं. बहीण इथे आहे हे ऑफिसात कळलं तर माझी नोकरी जाईल, भाऊ म्हणून कुणापाशी नाव काढू नकोस. कुणी त्याला तसं म्हटलं नव्हतं. शुद्ध थाप होती. अकरा वर्षं ताईनं ती जिवापाड सांभाळली होती.

"कामावरून काढीन असं मी कधी म्हटलं रे?" साहेबांनी त्याला विचारलं.

ताई हात जोडून उभीच होती.